वसई ते वेस्टमीड, व्हाया त्रिपोली

आम्ही वसई सोडली त्या दिवशी आमच्या वाडीत केळीचे घड उतरवायचे होते, त्यामुळे घरात कोणालाच रडायला सवड नव्हती. बाबा आणि माझा मोठा भाऊ सकाळपासून केळीतच होते. टॅक्सी आली तेव्हा बाबांच्या हातांना चीक लागलेला होता. माझी नवी साडी खराब होईल म्हणून ते मला जवळ घेईनात आणि मी त्यांना सोडेना. आई वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी केळीच्या वाळक्या पानांत बांधून माझ्या बॅगेत कोंबत होती. तिला लिबियाबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या. तिथे तेल निघतं आणि तिथे सगळे मुसलमान आहेत. तेलाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

"तिथे चर्च आहे ना नक्की?" तिने माझ्या नवऱ्याला, पास्कलला, पुन्हा विचारलं. पास्कल म्हणाला, आहे. त्याला खरं तर ठाऊक नव्हतं. तो ट्रॉम्बेच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता आणि त्याला एका अमेरिकन तेल कंपनीची नोकरी मिळाली होती. मी नर्स होते. त्रिपोलीच्या एका सरकारी बाळंतपणाच्या हॉस्पिटलने मलाही बोलावलं होतं. बाबा फारसं बोलायचे नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तिथली माणसं कशी राहतात ते आधी बघ. आपलं काय ते नंतर सांग."

हे मी वसईत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे बाहेर पडून कुठे कुठे पोचलेल्यांसाठीही. आज ऐंशीचं दशक संपत आलं आहे आणि मी सिडनीत वेस्टमीडला राहते. लोक विचारतात, तुम्ही इंडियातून डायरेक्ट आलात का? मी सांगते, नाही, मध्ये त्रिपोली होतं. मग समोरच्याचा चेहरा जरा बदलतो. तो बदलू नये असं मला वाटतं, म्हणून हे सगळं.

त्रिपोलीच्या विमानतळावर पहिली गंमत झाली. मावशीने खोकल्यावर औषध म्हणून दिलेली ब्रँडीची छोटी बाटली कस्टमच्या माणसाने हसत हसत मोरीत ओतली आणि रिकामी बाटली मला परत दिली. तिथे दारूला बंदी होती. बाहेर पडलो तर एकही पाटी वाचता येईना. सगळ्या अरबीत. इटालियन लोकांनी तिथे बरीच वर्षं राज्य केलं होतं, रस्ते आणि कमानी त्यांच्या होत्या, पण त्यांची अक्षरं पुसून टाकलेली होती. भाषा मात्र इतक्या सहज पुसली जात नाही. आमची घरमालकीण स्वयंपाकघराला 'कूजीना' म्हणायची. वसईला येणारे गोव्याचे एक म्हातारे फादर 'कुजीन' म्हणायचे. एक शब्द इटालियन लोकांनी मागे ठेवलेला, दुसरा पोर्तुगीजांनी. मी पहिल्या दिवशी कूजीना शब्द ऐकून हसले आणि तिला वाटलं, ही पोरगी खुशीत आहे, टिकेल.

तिचं नाव हाज्जा मब्रूका. मक्केला जाऊन आलेल्या बाईला तिथे हाज्जा म्हणतात. विधवा होती, साठीच्या पुढची, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार. खालच्या मजल्यावर ती राहायची, वरचा मजला आम्हाला भाड्याने दिला होता. पास्कल महिन्यातले बरेच दिवस दूर वाळवंटात, तेलाच्या विहिरींवर. मी ड्यूटीवरून आले की वर जायच्या आधी हाज्जा मला खाली बसवायची, लहानशा ग्लासात कडक चहा द्यायची आणि अरबी शिकवायची. पुस्तकातली नाही, तिच्या गल्लीतली. 'बाही' म्हणजे ठीक, चांगलं. 'तव्वा' म्हणजे आत्ता. 'हल्बा' म्हणजे खूप. माझ्या वॉर्डात बाया कळा देताना हाच शब्द ओरडायच्या, त्यामुळे तो मला सगळ्यात आधी पाठ झाला.

त्या देशात तेल कुठे दिसत नसे आणि सगळीकडे असे. आमच्या हॉस्पिटलमध्ये जर्मनीहून आलेली यंत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलेली होती, कारण ती चालवणारा माणूस अजून आला नव्हता. डॉक्टर इजिप्तचे आणि बल्गेरियाचे, नर्सेस आम्ही आणि फिलिपिनो, बेकरीत ट्युनिशियाचे, बांधकामावर कोरियन. लिबियन बाईचं बाळंतपण फुकट, औषध फुकट, दुधाचे डबे फुकट. हाज्जाला मी एकदा विचारलं, तेल निघण्याआधी कसं होतं? ती म्हणाली, "आधी आम्ही डोक्यावरून पाणी आणायचो. तेल निघालं तेव्हा वाटलं, आता पाणी येईल. आलं. मग इतकं काही येत गेलं की ठेवायचं कुठे ते कळेना. आणि मग कोण कोणाचं, तेही कळेना." तिचा एक भाऊ इटालियन लोकांशी लढताना गेला होता. त्याचं नाव ती आमच्या सगळ्यांसमोर घ्यायची, पण राज्यकर्त्यांविषयी बोलायचं झालं की रेडिओचा आवाज वाढवायची.

चर्च खरोखरच होतं. शहरातल्या मोठ्या कॅथेड्रलची मशीद झाली होती, पण एक लहान चर्च परदेशी लोकांसाठी ठेवलेलं होतं. सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची रविवारची मिस्साही शुक्रवारी. पोलंडचे इंजिनीयर, माल्टाचे मिस्त्री, फिलिपिनो मुली आणि आम्ही, सगळे एकाच बाकावर. बाहेर मशिदीत जुम्म्याची नमाज सुरू व्हायची आणि आत आमचं गाणं. आईला हे कळवलं तर तिने उलट विचारलं की शुक्रवारी, आपल्या उपासाच्या वारी, मटण खाता की नाही.

रमजानमध्ये सूर्य मावळला की हाज्जा शोर्बा, तिथलं मटणाचं सूप, वर पाठवायची. नाताळात मी येशूजन्माचा गोठा मांडला तर ती गुडघे धरत जिना चढून आली, खुर्चीवर बसली आणि मारियेच्या मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिली. "मरियम आमचीही आहे," म्हणाली. माझी अनिता जन्मली तेव्हा तिला पहिली आंघोळ हाज्जाने घातली, आणि त्या बाईच्या हाताखाली मी, बाळंतपणाची ट्रेंड नर्स, गप्प उभी राहिले.

पण त्या देशाचं भांडण कोणाशी होईल याचा नेम नसे. शेजारच्या इजिप्तशी बिनसलं, सीमेवर तोफा चालल्या, आणि आमच्या वॉर्डातली नादिया नावाची इजिप्शियन सिस्टर एका आठवड्यात संसार आवरून निघून गेली. ती कोणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती. दोन राजधान्यांत दोन माणसं एकमेकांवर चिडली आणि माझी शिफ्ट डबल झाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की परदेशी माणसाच्या घराचा पाया त्याच्या स्वतःच्या हातात नसतो.

ते आमच्याही दारात आलं. सरकारने नवा कायदा केला की घर त्यात राहणाऱ्याचं. भिंतीभिंतीवर हिरव्या रंगात हेच लिहिलेलं. भाड्याने दिलेलं घर मालकाचं राहणार नव्हतं. ऐकायला छान वाटतं. वर्षानुवर्षं खुराड्यात राहिलेल्या कितीतरी गरिबांना त्यातून खरंच घर मिळालं, आणि मी तो आनंद डोळ्यांनी पाहिला. पण हाज्जाकडे दुसरं काहीच नव्हतं. नवऱ्याने हाताने बांधलेलं ते दोन मजली घर, आणि इटलीला शिकायला गेलेला एक मुलगा, जो परत आला की वर राहणार होता. आम्ही परदेशी, घर आमच्या नावावर होणं शक्यच नव्हतं. वरचा मजला भाड्याचा ठरला असता तर कोणातरी तिसऱ्यालाच मिळाला असता.

एका सकाळी मोहल्ल्याच्या कमिटीची दोन तरुण माणसं आली. मी अनिताला कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. पास्कल वाळवंटात. त्यांनी हाज्जाला विचारलं, वर कोण राहतं? हाज्जा म्हणाली, "माझी मुलगी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात क्रूस होता. रंग, केस, सगळंच सांगत होतं की ही कुठली मुलगी! खोटं पकडलं तर हाज्जाचं काय होईल ते माहीत नव्हतं, आणि आमचा व्हिसा तर गेलाच असता. त्यातल्या एकाने मला विचारलं, "भाडं देतेस?"

मी म्हटलं, "आईला कोण भाडं देतं?"

माझी अरबी तोपर्यंत पूर्ण हाज्जाच्या गल्लीतली झाली होती, तिचेच हेल, तिचेच शब्द. तो तरुण हसला नाही, पण त्याची नजर निवळली. त्याने अनिताचा गाल ओढला, हाज्जाला सलाम केला आणि दोघे पुढच्या घराकडे गेले. त्या दिवसापासून हाज्जाने आमच्याकडून भाडं घेतलं नाही. मी तिचा बाजार आणायचे, गुडघ्यांना तेल लावायचे, आणि मला 'बिंती', माझी मुलगी, म्हणताना तिला त्यात खोटं काही उरलं आहे असं वाटत नसावं. मलाही वाटत नव्हतं.

पुढे खाजगी दुकानं बंद झाली. हाज्जाच्या दुसऱ्या भावाचं कापडाचं दुकान मिटलं. मोठमोठे सरकारी स्टोअर्स उघडले आणि त्यांत एका आठवड्यात नुसते टोमॅटोचे डबे, दुसऱ्या आठवड्यात नुसते बूट. तेलाचे भाव उतरायला लागले होते. मग अमेरिकेशी पूर्ण बिनसलं. अमेरिकन माणसं गेली, मागोमाग पास्कलची कंपनी गेली. त्याच्या बरोबर एक ऑस्ट्रेलियन इंजिनीयर होता. तो म्हणाला, आमच्या डार्विनच्या समुद्रात तेल आणि गॅस शोधतायत, तुझ्यासारखी माणसं लागतात, नर्स तर लागतेच लागते. पास्कलने अर्ज केला. वसईला परत जाण्याचाही विचार झाला, नाही असं नाही. पण ट्रॉम्बेची जागा कधीच भरली गेली होती आणि भावाचं कुटुंब वाढलं होतं.

वसई सोडताना मला सवड नव्हती, त्रिपोली सोडताना होती. मी हाज्जाच्या कूजीनात बसून पोटभर रडले. ती रडली नाही. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तिथे कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर राहशील. बाही. मग एक दिवस तुझा खालचा मजला होईल."

डार्विनला उतरलो आणि दार उघडताच जी गरम, ओली हवा अंगावर आली तिने मला रडवलं, कारण ती अगदी मे महिन्यातल्या वसईसारखी होती. आंबे होते, केळी होती, समुद्र होता. फक्त समुद्रात मगरी होत्या, त्यामुळे पोहायचं नाही. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन होईपर्यंत मी वॉर्डात मदतनीस म्हणून काम केलं, मग परीक्षा दिली. सगळं गाडीने करायचं असल्यामुळे मी गाडी शिकले. पास्कल म्हणाला, वाळवंटात उंट बघितला तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो. सगळे मला 'मेट' म्हणायचे, मॅट्रनसुद्धा. काही चुकलं तर 'नो वरीज'. त्रिपोलीत काही चुकलं की 'मालेश', जाऊ दे. मला दोन्ही सारखेच वाटले. आणि मिस्सा रविवारी! इतक्या वर्षांच्या सवयीने मला शुक्रवारी उगीच सुट्टी असल्यासारखं वाटायचं आणि रविवारी चर्चमध्ये बसल्यावर आपण कामावर दांडी मारली आहे असं.

अनिता तिथे शाळेत गेली आणि इंग्रजीत बोलायला लागली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. अरबी मात्र ती पूर्ण विसरली. जी भाषा तिच्या कानात पहिली पडली, तिची एक ओळही राहिली नाही. मला ते लागलं. पास्कल म्हणाला, मुलांनी काय काय म्हणून सांभाळायचं?

मग तेलाचे भाव जगभर कोसळले. डार्विनच्या समुद्रातली शोधाशोध थंडावली आणि पास्कलची नोकरी पुन्हा गेली. आमचा एकेक संसार तेलाच्या भावाने मांडला आणि तेलाच्या भावाने मोडला. लोक पेट्रोल पंपावर स्वस्ताईने खूश होते आणि आम्ही पुन्हा खोकी बांधत होतो. त्याच सुमारास अमेरिकन विमानांनी त्रिपोलीवर बॉम्ब टाकले. मी टीव्हीवर पडलेली घरं बघितली. प्रत्येक गल्ली मला हाज्जाचीच वाटत होती. फोन लागेना. हॉस्पिटलच्या टी-रूममध्ये कोणीतरी म्हणालं, बरं झालं, त्यांना तेच पाहिजे होतं. ती बाई वाईट नव्हती, मला गाडी शिकवणारी तीच. मी तिला सांगितलं की माझी आई तिथे राहते. ती गडबडली. म्हणाली, तू तर इंडियन ना? मी म्हटलं, हो, आणि तरीही. तिने माझा हात धरला आणि त्यानंतर रोज विचारायची, काही कळलं का?

अनिताच्या शाळेत तिचा जन्म कुठला ते सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, "मम, आर वी द बॅडीज?" मी तिला जवळ बसवलं आणि तिला पहिली आंघोळ कोणी घातली ते सगळं सांगितलं. मराठीत. तिने पूर्ण ऐकलं.

सिडनीला आलो. पास्कलला एका फॅक्टरीत मेन्टेनन्सचं काम लागलं, मला वेस्टमीडला, हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात. जवळच एक जुनं विटांचं घर आम्ही हप्त्यांवर घेतलं. वसई-ठाण्याची दहा-बारा कॅथलिक कुटुंबं सापडली, महिन्यातून एकदा मराठी मिस्सा सुरू झाली. मी मनाशी म्हटलं, आता पुरे. आता कुठल्याही देशाच्या भांडणाशी आपला संबंध नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाने लिबियाचं कॅनबेरातलं कार्यालय बंद करायला लावलं. पॅसिफिकच्या बेटांवर ते लोक ढवळाढवळ करतात असं पेपरात होतं. मी बातमी वाचली आणि पान उलटलं.

एका दुपारी वॉर्डात गेले तर एका खोलीतून ओळखीचा शब्द आला. एक तरुण मुलगी कळांनी वाकली होती. तिच्याजवळ फोन धरला होता. फोनवर सरकारी दुभाषी, बहुतेक लेबनीज. आमची एक ऑस्ट्रेलियन मिडवाइफ मला म्हणाली, "हा म्हणतोय तिला मेथी हवीय. मेथी कशाला?" मुलगी ओरडत होती, हल्बा, हल्बा. अरबीत मेथीला जवळजवळ तसाच शब्द आहे आणि फोनवर त्याने तोच ऐकला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हाज्जाच्या बोलीत म्हटलं, हो गं बाळा, खूप दुखतंय, कळलं मला.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू आमची आहेस?"

"आहे," मी म्हटलं. "तव्वा जोर लाव."

तिचं नाव सालमा. मुलगी झाली. नवरा मुफ्ताह बाहेर बाकावर बसलेला, उंच, अशक्त, हातात थंड झालेला चहा. तो इथल्या युनिव्हर्सिटीत कोरडवाहू गव्हावर संशोधन करत होता. लिबियाने तेलाच्या पैशातून शेकडो मुलं अशी जगभर शिकायला पाठवली होती, तेल संपल्यावरही भाकरी हवी म्हणून. आता कार्यालय बंद, स्कॉलरशिप बंद, आणि परत या असा निरोप. मुफ्ताहचं एका वर्षाचं काम उरलं होतं. शिवाय त्या कार्यालयातले लोक विद्यार्थ्यांना सरकारच्या बाजूने घोषणा द्यायला बोलावायचे तेव्हा तो लॅबमध्ये काम आहे सांगून जायचा नाही. ते कोणीतरी लिहून ठेवलं असणार, अशी त्याला भीती होती. इथे राहू देण्यासाठी त्याने अर्ज केला होता. उत्तर नव्हतं. खोली महिनाअखेर सोडायची होती. बाळ तर आलं होतं.

हे सगळं मला सालमाने दोन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. घरी येऊन मी पास्कलला म्हटलं, मागची खोली रिकामीच आहे. तो लगेच हो म्हणाला नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपण अजून सिटिझन नाही. पेपरात रोज लिबियन म्हणजे हेर. आमच्या मराठी मिस्सेतल्या एकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नको या भानगडीत पडू, चौकशी झाली तर तुमचेच कागद अडकतील. पास्कल मला म्हणाला, "आपलं काही वाकडं झालं तर, रेजिना? किती वेळा सामान बांधायचं?"

मी म्हटलं, "हाज्जाने कमिटीपुढे हा हिशोब केला असता तर?"

तो उठला. मग मागच्या खोलीतली खोकी गॅरेजमध्ये न्यायला लागला.

ते दीड वर्षाच्या वर राहिले. मुफ्ताहने पहिल्या दिवशी संकोचत विचारलं, मक्का कुठल्या दिशेला? पास्कलने नकाशा आणि होकायंत्र घेऊन अर्धा तास मोजमाप केलं आणि जाहीर केलं की जवळजवळ सरळ पश्चिमेला, म्हणजे अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दांडीकडे. आणि वसईहूनही पश्चिमेलाच, हे लक्षात येऊन तो उगीच खूश झाला. घरात डुकराचं मटण शिजणं बंद झालं. पास्कल अधूनमधून मित्राकडे जाऊन खाऊन यायचा आणि मोठ्या निरागसपणे म्हणायचा, जरा कॅरम खेळून आलो. सालमा मकरोना, म्हणजे तिकडची मॅकरोनी, करायची, लाल, तिखट, वसईच्या आंबटतिखटाच्या जवळची. मी तिला बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू केले आणि दोघी त्या दुभाष्याच्या आठवणीने इतक्या हसलो की तिचे टाके दुखले. अनिता बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायची. काही दिवसांनी ऐकलं तर ती बाळाशी मराठीत बोलत होती. मी कधी शिकवून जे झालं नव्हतं, ते झालं. आणि सालमाकडून तिने अरबीही उचलली, म्हणजे कुठेतरी ती राहिलेली असणार.

चौकशी एकदा झाली. दोन सभ्य माणसं आली, लाउंजमध्ये बसली, प्रश्न विचारले. तुमचं यांच्याशी नातं काय? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, त्यांच्या देशात मला एका बाईने मुलगी म्हणून ठेवलं होतं. ते लिहून घेऊन गेले. आमच्या कागदांचं काहीही झालं नाही. मुफ्ताहच्या प्रोफेसरांनी त्याच्यासाठी खूप धावपळ केली, आमच्या पॅरिशच्या फादरांनीही सही दिली, आणि ज्याने पास्कलला बाजूला घेतलं होतं त्यानेसुद्धा बाळासाठी जुनी बाबागाडी आणून दिली. एक दिवस राहायची परवानगी आली.

तोपर्यंत सालमाचा तिच्या आईशी फोन लागू लागला होता. तिच्या आईने शोध घेतला. हाज्जा मब्रूका आहे, म्हणाली. घर आहे. मुलगा इटलीहून परत आला, वर राहतो. तिने निरोप पाठवला होता, शब्दच असे होते की तिचाच आहे यात शंका नव्हती. "बिंतीला विचारा, गुडघ्याला आता कोण तेल लावणार?"

मुफ्ताहला साउथ ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या मुलखात नोकरी लागली. कमी पावसात येणारं बियाणं तयार करायचं काम. तो म्हणाला, कधीतरी हे बी तिकडेही पेरेन, दिवस बदलतील. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ज्या देशाने शिकवलं आणि ज्या देशाने घाबरवलं, तो एकच देश होता, आणि तो त्याचा होता.

गेल्या महिन्यात ते गेले. जुनी स्टेशन वॅगन, मागे गाद्या, भांडी, बाळाची खुर्ची. मी पहाटे उठून पराठे केले आणि वाटेसाठी बांधून दिले. सालमा माझ्या गळ्यात पडून रडत होती. मी तिला पाणी दिलं, सीटबेल्ट नीट लाव म्हटलं, पोचल्यावर फोन कर म्हटलं. गाडी वळणावर गेली तेव्हा तिने मागच्या काचेतून घराकडे बघितलं, माझ्याकडे नाही, घराकडे. आणि मला एकदम जाणवलं की आजवर प्रत्येक वेळी गाडीत मी असायचे. निघणारी मीच. या वेळी माझ्या पायात घरातल्या चपला होत्या, गॅसवर चहा होता आणि दुपारी शिफ्ट होती.

वसईला फोन केला की आई अजून विचारते, घरी कधी येतेस? मी म्हणते, नाताळात. ते घर आहेच. पण आता मला हेही सांगावंसं वाटतं की आई, माझ्या घरातूनही माणसं रडत जायला लागली आहेत, आणि पोचल्यावर इथे फोन करतात.

त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. अनिताने उचलला. "पोचले," तिने मला ओरडून सांगितलं, मराठीत, आणि पुढचं बोलणं सालमाशी तिने अरबीत सुरू केलं.